कैफ आणि कैफियत

आषाढ अमावास्येच्या रात्री, जिला पंचांगकर्ते दीपपूजनाची रात्र म्हणतात आणि उर्वरित महाराष्ट्र गटारी या अधिक अन्वर्थक नावाने ओळखतो, साडेबाराच्या सुमारास आमच्या खिडकीची काच फुटली. काच फोडणारी वस्तू एक पितळी तांब्या होती. तो तांब्या फेकणारे हात शेजारच्या बिऱ्हाडातील गृहस्थांचे होते. आणि तो सुटण्यापूर्वी आमच्या तीन पिढ्यांचा ज्या आवाजाने उद्धार झाला तो आवाजही, कानांवर विश्वास ठेवावयाचा तर, त्यांचाच होता. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता, स्नान आटोपून आणि कपाळी गंध रेखून, हे गृहस्थ आमच्या उंबऱ्याशी उभे राहिले आणि अत्यंत निर्मळ मुद्रेने म्हणाले, "काल जरा जास्त घेतली गेली हो. मनावर घेऊ नका."

या दोन वाक्यांचा आम्ही तेव्हापासून अभ्यास करीत आहोत. पहिल्या वाक्यात कर्ता नाही. मद्यप्याच्या व्याकरणात पहिला पेला भरेपर्यंत कर्ता जागेवर असतो: मी बसलो, मी मागवली, मी बर्फ टाकला. तिसऱ्या पेल्याला दारू स्वतःच कर्त्याच्या आसनावर येऊन बसते आणि माणूस चतुर्थी विभक्तीत सरकतो: मला चढली, मला लागली. त्यापुढे तर तो वाक्यातूनच उठून जातो आणि मागे केवळ अवयव उरतात. हातून घडते, तोंडून जाते, जणू हात आणि तोंड ही रोजंदारीवर लावलेली माणसे असून धनी परगावी गेल्याची संधी साधून त्यांनी परस्पर उद्योग केला. दुसऱ्या वाक्यात मात्र कर्ता पुनश्च प्रकट होतो, तोही आज्ञार्थी रूपात, आणि तो कर्ता आम्ही असतो. घ्यावयाची त्यांनी, आणि न घेण्याचे कर्तव्य तेवढे आमचे.

कैफ आणि कैफियत हे दोन्ही शब्द एकाच अरबी मुळापासून निघून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. थोरला गुत्त्यात रमला, धाकटा कचेरीत नोकरीस लागला. शेजाऱ्यांच्या तोंडी त्या सकाळी या दोन भावांची दीर्घकाळानंतर भेट झाली. कारण कालचा कैफ हीच त्यांची आजची कैफियत होती.

कायद्याने या कैफियतीचा विचार केलेला नाही असे कोणी समजू नये. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ८५ आणि कलम ८६ याच कामी घातलेले होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्यांना २३ आणि २४ हे क्रमांक मिळाले, मात्र बाटलीचा दर्जा बदलला नाही. ज्या इसमास त्याच्या नकळत अथवा इच्छेविरुद्ध मादक पदार्थ दिला गेला, आणि त्यामुळे आपण काय करतो हे समजण्यास जो असमर्थ झाला, त्याला या कलमांनी संरक्षण दिले. जो आपखुशीने प्याला, त्याला न प्यालेल्या माणसाइतकीच जाण होती असे मानूनच त्याच्याशी वागावे, असे ठरविले. शेजाऱ्यांना हे ऐकविले तेव्हा ते म्हणाले, "मित्रांनी आग्रह केला!" आग्रह आणि बळजबरी यांतील सीमारेषा महाराष्ट्रात पंगतीच्या वाढप्यांनी पूर्वीच पुसून टाकलेली आहे हे मान्य करूनही, आग्रहाने खाल्लेल्या अकराव्या जिलबीचे अजीर्ण यजमानाच्या खाती मांडल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

पंगतीवरून आठवले. १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने 'बासदेव विरुद्ध पेप्सू राज्य' या खटल्याचा निकाल दिला, त्याच्या मुळाशी एक पंगतच होती. लग्नघर, दुपारच्या जेवणाची वेळ, एका निवृत्त लष्करी जमादारास बसावयाला सोयीची जागा हवी होती आणि त्या जागी पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा होता. 'सरक' म्हटल्यावर तो सरकला नाही. जमादाराने पिस्तूल काढून त्याच्या पोटात गोळी घातली, आणि मुलगा मेला. जमादार पुष्कळ प्यायलेला होता हे न्यायालयानेही मानले. परंतु मधूनमधून झोकांड्या खाणारा हा मनुष्य आपल्या पायांनी चालू शकत होता, सुसंगत बोलू शकत होता, हेही पुराव्यात आले होते, आणि खुनाची शिक्षा कायम झाली. आमच्यापुरते सांगावयाचे तर, ज्याला जेवणाची सोयीची जागा कोणती हे कळते त्याला पिस्तुलाचे तोंड कोणत्या बाजूस आहे हे कळत नसावे, हे मानणे आम्हास पहिल्यापासूनच जड गेले असते.

मद्यामुळे विवेक जातो असे म्हणतात. आमचे निरीक्षण निराळे आहे. आमचे शेजारी गेली अकरा वर्षे आमच्या डोळ्यांसमोर पीत आहेत, आणि या काळात त्यांचा हात कधीही चुकून वरिष्ठ अधिकाऱ्यावर पडलेला नाही. त्या अमावास्येला जिन्यात घरमालक भेटले तेव्हा त्यांनी भिंतीचा आधार घेऊन का होईना, पण वाकून नमस्कार केला, आणि उरलेला जिना चढून बायकोच्या नावाने हाक मारली. जमादारालाही जागा अडवून बसलेला कोणी ठाणेदार दिसला नाही, मुलगाच दिसला. दातृत्वाच्या बाबतीतही हीच सावधगिरी. १८७२ च्या करार अधिनियमातील बाराव्या कलमाने, मद्याच्या अमलाखाली ज्याला कराराच्या अटीच उमगत नाहीत अशा माणसाचा, तो अंमल असेपर्यंत करार करण्याचा अधिकारच काढून घेतला आहे; शेजाऱ्यांच्या बाबतीत ही काळजी अनाठायी म्हटली पाहिजे. त्या रात्री त्यांनी शिव्या दिल्या, शाप दिले, आव्हान दिले. गेल्या दिवाळीत हातउसने नेलेले आमचे पाचशे रुपये तेवढे दिले नाहीत.

या कैफियतीची आणखी एक मौज अशी की, ती दिवसाच्या प्रहराप्रमाणे उलटते. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क सापडल्यास मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ लागू होते, म्हणून रात्री नाक्यावर हवालदाराने नळी पुढे करताच हेच गृहस्थ 'साहेब, थेंबाला शिवलो नाही' असे शपथेवर सांगतात. तेच सकाळी घरी म्हणतात, 'मी शुद्धीतच नव्हतो.' मध्यरात्री पूर्ण शुद्ध, प्रभाती पूर्ण बेशुद्ध, आणि मधल्या काळात गाडी कोणी चालविली, तांब्या कोणी फेकला, याची नोंद कोणत्याच दप्तरात नाही. कायद्यातील आकड्यांनीही या लपंडावास हातभार लावलेला आहे. दंडसंहितेचे कलम ८५ मद्यप्याला थोडा आडोसा देई, तर १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाचे कलम ८५ धुंदीत धिंगाणा घालणाऱ्याला शिक्षा सांगते. मोटारवाल्यांनी त्यात शंभर मिळवून आपले कलम निराळे केले.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मद्यप्राशन करून ती मोटार चालविल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलास प्रथम जो जामीन मिळाला, त्यात रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. लोकक्षोभानंतर तो आदेश फिरविण्यात आला, आणि पुढे मुलाच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप होऊन डॉक्टरांना अटक झाली. रक्ताच्या आरोपाचा निवाडा न्यायालय करील. आमची तक्रार निबंधाविषयी आहे. आम्ही आयुष्यभर निबंध लिहीत आलो; तो कोणत्या अपराधाबद्दल, याचा उलगडा त्या दिवशी झाला. मात्र दोन जीव आणि तीनशे शब्द, म्हणजे माणशी दीडशे, हा दर ऐकल्यापासून आम्हास शब्द मोजण्याची धास्ती वाटू लागली आहे.

दोष बाटलीवर टाकण्याची परंपरा पुरातन आहे. शुक्राचार्यांनी, असुरांनी मद्यात कालविलेली शिष्य कचाची राख, नकळत प्राशन केली. पोटातून शिष्य बोलू लागला तेव्हा त्यांना झाला प्रकार कळला, आणि आचार्यांनी क्रोधाने शाप दिला तो मद्यपानाला. पेला कोणाच्या हातात होता, हा प्रश्न आश्रमात कोणी विचारल्याचे दिसत नाही. मौसलपर्वातील द्वारकेत तर दारूबंदी जाहीर झाली होती, आणि शिक्षाही, जो घरात मद्य गाळील त्याला बांधवांसह सुळी देण्याची. यादव ते हुकूम ऐकून निमूटपणे प्रभासक्षेत्री गेले, तेथे यथेच्छ प्याले आणि एरका गवताची मुसळे करून परस्परांच्या डोक्यात घालते झाले. कौटिल्याला माणसाची पारख अधिक. गुत्त्यात झिंगलेल्या गिऱ्हाइकाची चीजवस्तू गहाळ झाल्यास तिची भरपाई आणि तितकाच दंड, दोन्ही गुत्तेवाल्याकडून वसूल करावे, असे त्याने लिहून ठेवले. पण सर्वांत हिशेबी निघाला तो ग्रीकांच्या मितिलीनी नगरीचा शास्ता पित्ताकस. प्यालेल्या अवस्थेत केलेल्या अपराधास त्याने शिक्षा अधिक कडक ठेवली. ॲरिस्टॉटलने दुप्पट दंडाची गोष्ट नोंदवून ठेवली आहे. या हिशेबाने आमच्या शेजाऱ्यांकडे दोन काचा निघतात.

आमच्या शासनाचे धोरण याहून प्रगल्भ आहे. महाराष्ट्रात कागदोपत्री दारू पिण्यास आजही परवाना लागतो; तो एका दिवसाचा मिळतो, एका वर्षाचा मिळतो आणि आजीवनही मिळतो, आणि तो देण्याचे कारण परवानाधारकाचे प्रकृतिस्वास्थ्य. कडक मद्यासाठी वयाची पंचवीस वर्षे पूर्ण लागतात. विधानसभेत निवडून जाण्यासही तितकीच लागतात, हा योगायोग आम्ही सहज नमूद करतो. या परवान्याच्या अर्जात एक रकाना वाढवावा, अशी आमची नम्र सूचना आहे: 'शुद्ध हरपल्यानंतर ज्यास मारहाण करावयाची त्या व्यक्तीचे नाव व अर्जदाराशी नाते.' हे आगाऊ कसे सांगता येईल, अशी शंका कोणी काढू नये. अकरा वर्षांत शेजाऱ्यांच्या उत्तरात एकदाही फरक पडला नसता.

आपल्याकडील गावांतून बायका दारूचे दुकान बंद करण्यासाठी मतदान मागतात, आणि मतपत्रिकेवर उभी बाटली नि आडवी बाटली अशी दोन चिन्हे असतात. आडव्या बाटलीला मत देणाऱ्या या बायकाही दोष बाटलीवरच टाकतात असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. शुक्राचार्यांच्या आणि त्यांच्या बुद्धीत मात्र मोठे अंतर आहे. नवऱ्याला जबाबदार धरण्याचे सर्व प्रयोग त्यांनी वर्षानुवर्षे घरी करून पाहिलेले असतात. सासूपुढे, पंचांपुढे, चौकीवर तोच प्रश्न घेऊन त्या गेलेल्या असतात आणि 'प्याला होता, सोडून दे' हे उत्तर घेऊन परतलेल्या असतात. माणूस आडवा येत नाही म्हटल्यावर बाटली आडवी करण्यावाचून त्यांना गत्यंतर उरत नाही. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तील सिंधू मरणाच्या दारातही सुधाकरावर आळ येऊ देत नाही, या प्रसंगाला शतकभर प्रेक्षागृहांनी डोळे पुसले. सुधाकर वकील होता. पण त्याचे वकीलपत्र अखेर सिंधूनेच चालविले, ही गोष्ट डोळे पुसताना बहुधा निसटते.

अमावास्येच्या त्या रात्री, साधारण दीड वाजता, आमच्या खिडकीखाली केरसुणीचा आवाज आला. शेजाऱ्यांची पत्नी कंदिलाएवढ्या उजेडात अंगणातल्या काचा गोळा करीत होती. सकाळी नळावर येणाऱ्या पोरांच्या पायात जाऊ नयेत म्हणून, आणि सकाळी उठल्यावर नवऱ्याला त्या दिसू नयेत म्हणूनही. तांब्या तिने विसळून आत नेला. म्हणजे नऊ वाजता गृहस्थ आमच्या दारी आले तेव्हा घडल्या प्रकाराचा मुद्देमाल शिल्लकच नव्हता, आणि त्यांच्या मुद्रेवरील निर्मळपणाचे रहस्य आम्हास उशिरा उलगडले.

परवा त्या माउलीने पदराची गाठ सोडून काचेचे साडेचारशे रुपये आमच्या मंडळींच्या हाती ठेवले. ते आम्ही परत केले. त्यामुळे काच अद्याप बसलेली नाही. खिडकीला वह्यांच्या खोक्याचा पुठ्ठा लावलेला आहे, आणि श्रावणातला पाऊस त्याच्या उजव्या कोपऱ्यातून आत येतो. शेजारी हे सदर नियमाने वाचतात, आणि सकाळी वाचतात. रक्कम साडेचारशे, हातउसने धरून साडेनऊशे. ती त्यांनी स्वतः आणावी, आणि सूर्यास्तापूर्वी आणावी.