किराणा घराण्याच्या तलंगा

मिरजेत ‘किराणा’ म्हटलं की माणसं दोन दिशांना बघतात. काही दर्ग्याकडे, कारण किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ पासून तिथे विसावले आहेत आणि उरुसात अजून गवय्ये तिथे हजेरी लावतात. बाकीचे बाजाराकडे, तूरडाळीच्या भावाकडे. मी जन्मभर बाकीच्यांतला. रेल्वेच्या बुकिंग खिडकीतून निवृत्त झाल्यावर मात्र माझ्या वाट्याला किराण्याचा तिसराच प्रकार आला: कोंबड्यांचा.

त्याचं असं झालं. भाऊबीजेला मेव्हणा जतहून आला आणि ओवाळणीच्या ताटात पाकिटाऐवजी त्याने दारात एक पाटी ठेवली. पाटीत सहा तलंगा. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. “ताई, महिन्याभरात रोज पाच-सहा अंडी,” असं म्हणून तो करंज्या खाऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी खाद्याच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, “काका, काय देऊ? चिक, ग्रोअर का लेयर?”

तिकीट मागणाऱ्याला आयुष्यभर मीच विचारायचो, ‘स्लीपर का जनरल?’ समोरचा गोंधळला की मी वैतागायचो. त्या सगळ्या प्रवाशांची मी तिथे मनातल्या मनात माफी मागितली.

“वय किती आठवडं?” त्याने सोपं करून विचारलं. आठ आठवड्यांपर्यंत चिक, तिथून अठरा-वीसपर्यंत ग्रोअर, अंड्यावर आल्या की लेयर. मी मेव्हण्याला फोन लावला. पण आमच्या सासुरवाडीत आठवड्यांनी वय मोजत नाहीत, सणांनी मोजतात. तो म्हणाला, “दाजी, बेंदराला पिल्लं निघाली.”

आता सीमेवरच्या माणसाची अडचण पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळायची नाही. आमच्याकडे बेंदूर दोन. कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठी पौर्णिमेला, महाराष्ट्री त्यानंतर महिन्याने. कर्नाटकी धरला तर भाऊबीजेला तलंगा एकोणीस आठवड्यांच्या, महाराष्ट्री धरला तर पंधरा. म्हणजे एका हिशेबाने लेयर, दुसऱ्याने ग्रोअर. सीमाप्रश्न इतकी वर्षं कोर्टात का पडून आहे, हे मला त्या काउंटरवर समजलं.

“कुठला बेंदूर रे?”

“ते काय ठाऊक नाही. बैलाची शिंगं रंगवत होतो एवढं आठवतंय.”

मी लेयर घेतलं. का, तर अंडी हवी होती आणि लेयर म्हणजे अंडी देणारी. शिवाय पोत्यावर कोंबडीचं चित्र फार तुकतुकीत होतं. पन्नास किलोचं पोतं रिक्षातून घरी आलं आणि जागेअभावी बाहेरच्या खोलीत बसलं. दिवाळीचे राहिलेले पाहुणे त्याच्यावरच बसून चहा प्यायले.

मिरज हे डॉक्टरांचं गाव. इथे शिंकलात तर वाटेत तिघे तपासतात आणि चौथा एक्स-रे कुठे काढायचा ते सांगतो. माझ्या पोत्याची बातमी तासाभरात गल्लीभर झाली. एकाने ज्वारी घाला म्हटलं, एकाने हळदीचं पाणी. शेजारचे चाचा सतारमेकर. त्यांनी तंबोऱ्याला नापास झालेला, तडा गेलेला एक भोपळा आणून दिला. “अंडं घालायला कोंबडीला आडोसा लागतो,” म्हणाले. सगळ्या सल्ल्यांत हा एकच फुकट आणि उपयोगाचा निघाला.

शेवटी ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तलंगांचे तुरे पाहिले. फिकट, बारके. मग पोतं पाहिलं. मग मला पाहिलं.

“काका, सिग्नल पडायच्या आधी तुम्ही गाडी कधी सोडली होती का?”

“छे!”

“मग हे काय? ग्रोअरमध्ये कॅल्शियम टक्काभर असतं, लेयरमध्ये साडेतीन-चार टक्के. ते अंड्याच्या कवचासाठी. कवचच होत नाही तर एवढा चुना जाणार कुठं? मूत्रपिंडावर.”

ज्या गावात माणसाच्या मूत्रपिंडाची एवढी काळजी घेतली जाते, तिथे मी कोंबडीच्या मूत्रपिंडावर उठलो होतो! पोतं कोरड्या जागी झाकून ठेवायला त्यांनी सांगितलं, कारण ओल लागली तर मक्याला बुरशी धरते आणि ती कोंबडीला विष. मी पुन्हा दुकानात. सहाजणींना मिळून दिवसाला साधारण अर्धा किलो, म्हणून ग्रोअर वीस किलो सुटं घेतलं. दुकानदाराने ‘कुठला बेंदूर निघाला?’ असं विचारलं नाही, पण हसला.

तलंगांना ग्रोअरही नकोच होतं. त्या भरड्यातले मक्याचे कण टिपायच्या आणि पीठ पायांनी उधळायच्या. आमचा नातू उपम्यातले काजू असेच शोधतो. थोडं पाणी शिंपडून दिल्यावर मात्र सगळं जायचं.

तुरे लाल व्हायला पाच आठवडे लागले. एके दिवशी पाठीवर हात ठेवायला गेलो तर एक तलंग पंख पसरून खाली दबून बसली. डॉक्टरांनी सांगितलेली हीच खूण. मग लेयर हळूहळू मिसळायला लागलो, वाटीभर शिंपल्याचा चुरा वेगळा ठेवला आणि भोपळ्यात पेंढा घातला.

पहिलं अंडं त्याच भोपळ्यात सापडलं. लिंबाहून थोडं मोठं. मी पंचांग काढून बोटं मोजली: महाराष्ट्री बेंदूर! आनंदाने ओरडतच स्वयंपाकघरात गेलो.

“हात लावू नका कशाला,” आतून आवाज आला. “मार्गशीर्षातला गुरुवार आहे.”

अंडं रात्रभर बाहेरच्या खिडकीत बसलं. शुक्रवारी ते उकडून आम्ही दोघांनी अर्धं अर्धं खाल्लं. कवच तव्यावर भाजून, चुरून मी शिंपल्याच्या वाटीत टाकलं. सहाही जणी धावत आल्या, तेव्हा मी पहिल्यांदाच नीट पाहिलं: सहावीचा तुरा इतरांच्या दुप्पट होता आणि शेपटीची पिसं कमानीसारखी वळली होती.

शनिवारी पहाटे साडेचारला खात्रीच पटली. भिंतीपलीकडून चाचांचा झोपाळू आवाज आला, “काळी चार लागतेय! खालच्या पट्टीत सांगा त्याला.”