दोनटक्के

रात्री साडेअकराला वरच्या मजल्यावरून "दोन टक्के राहिले रे, दोन टक्के!" असा टाहो ऐकू आला, की आमच्या इमारतीतली नवी बिऱ्हाडं दचकतात. कुणाच्या तरी कर्जाचा हप्ता थकला असावा, असं त्यांना वाटतं. जुनी माणसं नुसती कूस बदलतात. अलाकझाम पुन्हा मेला, एवढंच त्यांना कळतं.

बारटक्के हे आडनाव आहेच. त्याच चालीवर आम्ही वरच्या मजल्यावरच्या या ओरडणाऱ्याला दोनटक्के म्हणू लागलो. आता इस्त्रीवालाही कपड्यांच्या गठ्ठ्यावर तेच लिहितो.

पोकेमॉन शोडाउन या ऑनलाइन खेळात लढताना समोरच्याचा उरलेला जीव टक्क्यांत दिसतो. दोनटक्केचा शत्रू दर वेळी दोन टक्क्यांवर तगतो आणि त्या दोन टक्क्यांच्या बळावर याला आडवा करतो. बाकीचे लोक सहा जणांचा संघ बांधताना दोन मार खाणारे, दोन मारणारे, दोन अडीअडचणीचे अशी घडी बसवतात. याच्या संघात सहाही मारणारे. त्यांतला लाडका अलाकझाम. दोन्ही हातांत चमचे, लांबलचक मिशा, आणि पोकेडेक्सवर विश्वास ठेवायचा तर बुद्ध्यांक सुमारे ५०००. वेग १२०, विशेष हल्ला १३५. बचाव? ४५. इतकी बुद्धी असून याला अंगात एक गंजीफ्रॉक घालायचं सुचलं नाही.

फोकस सॅश नावाचा एक पट्टा मिळतो. जीव पूर्ण असताना तो बांधलेला असेल, तर प्राणघातक फटका बसूनही गडी एका अंशावर तग धरतो. समजूतदार लोक अलाकझामला तोच बांधतात. दोनटक्केला त्यात कमीपणा वाटतो. तो लाइफ ऑर्ब देतो, म्हणजे मार तीस टक्क्यांनी वाढतो. "मार खायचाच नाही, तर पट्टा कशाला?" असं त्याचं म्हणणं. हे म्हणणं साधारण सव्वा मिनिट टिकतं.

मग समोर टायरानिटार येतो. हा अंधाऱ्या जातीचा, त्यामुळे अलाकझामचे मानसिक हल्ले त्याला लागतच नाहीत. आम्ही खेळतो त्या पाचव्या पिढीच्या नियमांत पळण्याचीही सोय नाही. माघारी वळलात, की परस्यूट दुप्पट जोराने पाठीत बसतो. थांबायचं तर फोकस ब्लास्ट हा एकच उपाय. तो लागला तर टायरानिटारला चौपट लागतो, पण नेम शंभरात सत्तर. इकडे आड, तिकडे टायरानिटार. दहात तीनदा चुकणारच, हे गणित त्याला मान्य आहे. ते तीनही वेळा आपल्याच वाट्याला का येतात, एवढाच त्याचा प्रश्न आहे. आणि चुकला नाही, तर फटक्याचं माप कमी पडतं. प्रत्येक फटका ८५ ते १०० टक्क्यांत कुठेही पडतो, एकूण सोळा शक्यता. "सोळापैकी पंधरा वेळा मेला असता!" हे वाक्य तो हातात खडू असल्यासारखं म्हणतो.

हे खेळापुरतं असतं तर मी लेखणी उचलली नसती. डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडली, की ठाणं यायच्या आत हा पुढच्या माणसाला विचारतो, "दादर?" तो माणूस चढलेलाच ठाण्याला उतरायला असतो. दादरला मात्र आत घुसणारा लोंढा याला परत आत ढकलतो आणि हा भायखळ्याहून फोन करतो. "दोन टक्के राहिले. एक पाय फलाटावर होता!"

मुलगी पाहायला गेला, तेव्हा कांदेपोहे बाहेर यायच्या आत याने "मला पसंत आहे" म्हणून टाकलं. मुलगी अजून खोलीत आलेली नव्हती. उतावळ्या नवऱ्याच्या गुडघ्याला बाशिंग असतं म्हणतात. हा बाशिंग घालूनच जिना चढला होता. नकार आला. "तिच्या आजीला शंभर टक्के आवडलो होतो," तो म्हणाला. "राहिले ते..."

"कळलं," मी म्हटलं.

सोसायटीच्या वार्षिक सभेत तर त्याची रणनीती बघण्यासारखी असते. इतिवृत्त वाचून व्हायच्या आत हा उठतो आणि सेक्रेटरीकाकांवर तोफ डागतो. गेल्या वर्षी विषय पाण्याच्या टाकीचा होता. टाकी शेवटची कधी धुतली, बिल कुठे, त्यावर सही कुणाची? सभागृह सुन्न. एक घाव, दोन तुकडे. सेक्रेटरीकाकांनी चष्मा पुसला, तो परत नाकावर ठेवला आणि इतकंच विचारलं, "तुमचा तीन महिन्यांचा मेंटेनन्स आला का हो?" दोनटक्के खाली बसला. खेळात याला सकर पंच म्हणतात. हल्ला करायला उठलेल्या माणसालाच तो बसतो. गप्प बसणाऱ्याला काही होत नाही.

गप्प बसणारा म्हणजे मी. मी ब्लिसी खेळतो. गुलाबी, गोल, पोटाच्या पिशवीत अंडं. जीव २५५, वेग ५५. समोरच्याला विष द्यायचं, आपण अंडं खाऊन अर्धा जीव भरून घ्यायचा आणि वाट बघायची. ऑफिसात चौदा वर्षं मी एकाच टेबलाशी आहे. साहेब बदलले, संगणक बदलले, मी अंडं खात राहिलो. आमच्या सामन्यांत दहापैकी आठ मीच जिंकतो. लोक मला भक्कम म्हणतात. भिंतच ती. भिंतीला कान असतात, पाय नसतात.

माझं विष दोनटक्केवर चालत नाही, हेही इथेच कबूल करतो. त्याच्या अलाकझामला मॅजिक गार्ड आहे. थेट फटका सोडला, तर त्याला काहीच बाधत नाही. मालकालाही बहुतेक तेच आहे. टोमणे, कुजबुज, चार वेळा सोडलेल्या नोकऱ्या, कशाचाच चट्टा त्याच्यावर उठला नाही. आणि त्या सभेनंतर महिन्याभरात टाकी धुतली गेली. गाळ निघाला तो तीन घमेली. पाणी सगळ्या इमारतीने प्यायलं. थकबाकीची नोटीस एकट्याच्या दारावर लागली.

गेल्या महिन्यात त्याने पाचवी नोकरी धरली, बंगळूरला. मुलाखतीत पगाराचा आकडा समोरच्यांच्या आधी यानेच सांगितला आणि ते लगेच हो म्हणाले. म्हणजे कमीच सांगितला असणार.

टेम्पो यायचा होता त्या सकाळी सामान बांधून झालं होतं. उघडा राहिला होता तो लॅपटॉप. "एक होऊन जाऊ दे," तो म्हणाला. मी खाली येऊन माझ्या घरातून खेळायला बसलो. बाकी सगळे मेले; माझी ब्लिसी उरली, त्याचा अलाकझाम. त्याने सायशॉक मारला. हल्ला विशेष, पण लागतो तो साध्या बचावाला, आणि ब्लिसीचा साधा बचाव अवघा १०. माझ्या पडद्यावर ७१४ पैकी १४ उरले. त्याच्या पडद्यावर किती दिसत असतील, हे सांगायला नको.

आता अंडं खायला मला वेळ नव्हता. १२० पुढे ५५. त्याने बोट ठेवायचा अवकाश, की संपलं.

दोन सेकंदांत बटण दाबणारा माणूस तो. एक मिनिट गेलं. दोन गेली. वरून काहीच ऐकू येईना. खाली टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, मग पुन्हा दिला. समोरचा वेळ काढत असेल, तर टायमर लावायचं बटण पडद्यावर असतं.

मी लावला नाही.