वाटीखालचा पेढा

डोहाळजेवणात पाटासमोर दोन वाट्या पालथ्या घालतात. एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. फुलांच्या दागिन्यांनी मान खाजून बेजार झालेली सूनबाई त्यातली एक उचलते. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. गर्भलिंग निदानाला आपल्या राज्यात १९८८ पासून आणि देशात १९९४ च्या कायद्याने मनाई आहे. सोनोग्राफी करणारे डॉक्टर तर हसायलाही बिचकतात, न जाणो कुणी त्यातून अर्थ काढायचं. वाटीखाली मात्र कायदा अजून डोकावलेला नाही.

संगमनेरला आमच्या गल्लीत हे भविष्य वाटीशिवाय सांगणाऱ्या एक काकू होत्या. पोरीने उंबरठा ओलांडताना उजवा पाय आधी टाकला की मुलगा. चेहरा उतरला की मुलगी, कारण मुलगी आईचं रूप घेते. काकूंचं निम्म्या वेळा बरोबर यायचं आणि तेवढंच गल्लीत लक्षात राहायचं. चुकलं की त्या म्हणायच्या, "मी तेव्हाच म्हणाले होते, आठव्यात हिची चाल बदलली." नाणं उडवलं असतं तरी निम्मं बरोबर आलं असतं, पण नाण्याला कुणी बाळंतविड्याचे लाडू पाठवत नाही.

सम तिथीला संग झाला तर मुलगा आणि विषमला झाला तर मुलगी, हे गणित याच घराण्यातलं, फक्त वयाने फार मोठं. मनुस्मृतीत ते ऋतुकाळातल्या रात्रींच्या हिशेबाने आहे. १९०५ साली नेटी स्टीव्हन्स नावाच्या बाईंनी पिठातल्या किड्यांच्या पेशी तपासून नर-मादी गुणसूत्रांवर ठरतात हे दाखवलं. माणसातही निकाल बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावरच लागतो. सुनेला बोल लावणाऱ्या सासूने हे पोराला सांगायला हवं. २०२० मध्ये आमच्याच तालुक्यातल्या ओझरचे कीर्तनकार निवृत्ती महाराज इंदुरीकर यांच्या कीर्तनातलं सम-विषमाचं वाक्य गाजलं आणि प्रकरण संगमनेरच्या कोर्टात गेलं. इथल्या सत्र न्यायालयाने खटला रद्द केला, २०२३ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तो पुन्हा उभा केला. कोर्टाचं कोर्ट पाहून घेईल. माझी शंका साधी आहे. पंचांगात तिथीचा क्षय होतो, कधी वृद्धी होऊन एकच तिथी दोन दिवस चालते. त्या दिवशी जोडप्याने काय करावं?

या सगळ्यांत खरी हुकूमत ग्रहणाची. चिरू नये, कापू नये, शिवू नये, नाहीतर बाळाचा ओठ फाटतो. २१ जून २०२० च्या सूर्यग्रहणात इस्लामपूरला एका गर्भवतीने अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांसमोर खुशाल भाजी चिरली आणि पुढे बाळ धडधाकट झालं. तरी आमच्याकडे पेपरात ग्रहणाची वेळ आली की सुऱ्या फडताळात जातात. नवऱ्याला सुरी धरायची बंदी मी तरी ऐकलेली नाही, पण त्या दिवशी स्वयंपाकघरात उभा राहिलेला नवरा माझ्या पाहण्यात नाही.

'गर्भार बाईला विश्रांती मिळावी म्हणून जुन्यांनी हे नियम केले', असं हल्ली कौतुकाने सांगतात. मला ते पटत नाही. ग्रहणं वर्षात असतात किती? उरलेले दिवस हीच बाई नवव्यापर्यंत कांद्याची खुरपणी करते. आणि आमचं गाव तर विड्यांचं. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं नि तंबाखू, हातात कात्री. पपई खाऊ नको म्हणणारी आजी, तिन्हीसांजेला उंबऱ्यात बसू नको म्हणणारी मावशी, पण दिवसभर तंबाखूवर ओणवी बसू नकोस असं सांगणारी समजूत एवढ्या मोठ्या भांडारात मला सापडली नाही. तंबाखूचा धोका डॉक्टरांनी सांगावा लागला. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, हजार समच की.

विड्या वळणाऱ्या एका पोटुशीला मी विचारलं, "ग्रहण पाळलंस का गं?"

"पाळलं की ताई. कात्रीला हात लावला नाही." मग आवाज जरा खाली आणून, "पानं आदल्या रात्रीच कापून ठेवली होती. दिवसभर नुसत्या वळल्या."