मानाची खुर्ची

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे पहिल्यांदा गेलात, की ते हाताला धरून तुम्हाला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवतात. "इथे बसा, ऐसपैस. वारा छान येतो." वारा येत नाही. त्या खुर्चीच्या बरोब्बर वर छताला ओलीचा डाग आहे, आणि डागाखाली बसलेल्याला डाग दिसत नाही, हा काकांचा अनेक वर्षांचा अभ्यास आहे. जावई, बँकेचे साहेब, मुलाचं स्थळ घेऊन आलेली मंडळी, सगळे त्या खुर्चीत बसून चहा पिऊन गेलेत.

'गळतं' हा शब्द काका उच्चारत नाहीत. "हवा जरा दमट आहे," म्हणतात. नळ दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं तर चार घरांना कळतं. रंगवाला आला तर उलट घराची पत वाढते. म्हणून दरवर्षी गणपतीच्या आठ दिवस आधी, ऐन पावसात, पेंटर.

पेंटर शिडीवर चढून पत्र्याने डाग खरवडतो. पोपडे खाली उभ्या काकांच्या चष्म्यावर. खरवडता खरवडता तो दरवर्षी तेच सांगतो, "काका, आधी वरच्यांची नहाणी बघून घ्या. मग महिनाभर स्लॅब सुकू द्या. मग ऑइल प्रायमर, मग लांबी, मग रंग." काकांना त्यातलं 'मग रंग' तेवढंच ऐकू येतं. ऑइल प्रायमरला वास येतो, आणि वास आला की लोक वर बघतात. सबब थेट इमल्शनचे दोन हात.

इमल्शन पाण्यातला रंग. स्लॅबमधून झिरपलेलं पाणी येताना गंज, क्षार, माती असं बरंच काही घेऊन येतं आणि सुकताना कडेला टाकून जातं. त्यावर ओला रंग बसला की ते पुन्हा विरघळून वर येतं. गौरी जेवायच्या आत पिवळी कड हजर! मागच्या वर्षीच्या कडेबाहेर यंदाची. त्या कडा मोजून काका इथे किती पावसाळे राहिले ते मी सांगू शकतो.

एकदा पेंटरने लाखेचा प्रायमर सुचवला. लाख डाग अडवते, हे खरं आहे. पण काकू स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "लाखेच्या घरात पांडवांचं काय झालं ते ठाऊक आहे ना?" विषय संपला.

यंदा मात्र पंख्याच्या दांडीवरून थेंब ओघळला, तोही आरतीच्या तबकात. काका अर्ज लिहून वर निघाले, साक्षीदार म्हणून मला घेऊन. जिन्यात त्यांनी उपविधी म्हणून दाखवला: पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीने बघायची, संडास-बाथरूमची ज्याची त्याने.

वरच्यांचं घर गच्चीला लागून. दार उघडलं, ते गृहस्थ तोंडभर हसले आणि काकांचा हात धरून त्यांना कोपऱ्यातल्या खुर्चीकडे नेऊ लागले. "या, इथे बसा, ऐसपैस."

काका बसले नाहीत. त्यांनी वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग अर्जाची घडी घालून खिशात ठेवली आणि आवाज उतरवून विचारलं, "पेंटर कोण तुमचा?"