गेले सेकंदात, येतील यथावकाश

पैसे जाताना कुणी काही विचारत नाही. परत यायचे म्हटले की प्रत्येक खिडकी पुरावा मागते. ठगाचे काम एका ओटीपीवर भागले होते. बँकेला मात्र तक्रारीची प्रत, ओळखपत्र, खातेउतारा आणि सहीचा अर्ज लागतो, तोही ‘मूळ शाखेत’.

रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक तसे ग्राहकाच्या बाजूचे. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, आणि कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले, तर ग्राहकावर बोजा शून्य. वाचून हायसे वाटते. मग काउंटरवरून प्रश्न येतो, “ओटीपी कुणी दिला?” ग्राहकानेच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. भामट्यांनाही हे परिपत्रक पाठ असावे. ते ओटीपी चोरत बसत नाहीत, गोड बोलून मागून घेतात.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर वेळीच फोन लागला, तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येते. गोठवली म्हणजे आहे, पण मिळत नाही. सोडवायला अनेकदा न्यायालयाचा आदेश लागतो. उशीर झाला, तर ती भाड्याच्या खात्यांतून फिरत कुठल्याशा एटीएममधून बाहेर पडलेली असते.

या सगळ्यात तक्रारदाराला आपणहून फोन करणारा माणूस एकच. आवाज मवाळ, ओळख ‘सायबर सेल, रिफंड विभाग’. कागद नकोत, हेलपाटे नकोत, पैसे आजच जमा होतील म्हणतो. फक्त ‘प्रक्रिया शुल्क’ आधी भरायचे. यूपीआय चालेल.