शून्य टक्के

आमच्या मराठी विभागात 'संगणकातलं कळणारा माणूस' म्हणून माझं नाव आहे. प्रिंटर अडला की मला बोलावणं येतं. मी गंभीर चेहऱ्यानं त्याच्याभोवती एक चक्कर मारतो, तो बंद करतो आणि पुन्हा चालू करतो. यापलीकडची विद्या माझ्यापाशी नाही, पण विभागप्रमुखांना हे कळायचं काही कारण नाही.

शिवाय प्रमाणपत्रं. २०२०च्या टाळेबंदीत राज्यात जेवढे वेबिनार झाले त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मी कॅमेरा बंद ठेवून उपस्थित होतो. शेवटी गुगल फॉर्मवर चाचणी असे. नापास झालात तर तोच फॉर्म पुन्हा भरायचा. ई-प्रमाणपत्र मेलवर हजर. ती सगळी मी रंगीत छापून, प्लास्टिकच्या कव्हरात घालून फायलीला लावली आहेत, कारण पदोन्नतीच्या वेळी ई-प्रमाणपत्र हातात धरून दाखवावं लागतं. 'कागदविरहित कार्यालय' या विषयावरचंही एक आहे. त्याच्या तीन प्रती द्याव्या लागल्या.

त्यामुळे शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी, विद्यार्थी आणि संशोधक अशा सर्वांना डिजिटल साक्षर करा असं परिपत्रक आलं, तेव्हा साधनव्यक्ती कोण, हा प्रश्नच नव्हता. प्रशिक्षणाच्या वर्गात मागच्या बाकावर आमचे हेडक्लार्क भाऊसाहेब बसले होते. कधीकाळी वेतनवाढ अडकली म्हणून एमएस-सीआयटी केलेले, रेमिंग्टन कळफलकावर न बघता मराठी बडवणारे. मी दोन बोटांनी अक्षरं हुडकत 'संगणक म्हणजे काय' लिहीत होतो. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "सर, तुम्ही सांगा तोंडानं, मी टाइप करतो."

मग मी फॉन्टवर आलो. फॉन्टवर आलो की मला आवरणं कठीण असतं, घरचे साक्षीदार आहेत. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. पण विद्यापीठाच्या फाटकासमोरचे डीटीपीवाले अजून श्रीलिपी आणि सुरेखवर प्रबंध जुळवतात, आणि त्यांच्याशिवाय मराठीतली पीएचडी होत नाही. मार्गदर्शक बदलला तर चालतं, डीटीपीवाला बदलून चालत नाही. आता या जुन्या फॉन्टची गंमत अशी की संगणकाच्या पोटात मराठी अक्षर नसतंच. पोटात रोमन चिन्हं, अंगावर तेवढा मराठी सदरा. फॉन्ट नसलेल्या संगणकावर डीव्ही-टीटी सुरेखमधली फाइल उघडा, सदरा उतरतो. 'महाराष्ट्र' लिहिलेलं असतं तिथे 'ह'च्या जागी अर्ध्याचा अपूर्णांक दिसतो आणि 'र'च्या जागी गोलात कोंडलेला आर, तोच तो, औषधांच्या नावापुढे असतो तो. ज्यांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चे काढले त्यांना हा अर्धा महाराष्ट्र आणि वर ट्रेडमार्क दाखवायला हवा होता. मी हे सगळं फळ्यावर काढून दाखवलं. चहा आला तरी थांबलो नाही. भाऊसाहेब झोपले.

या ज्ञानाचा माझ्या स्वतःच्या कीर्तीशी काय संबंध आहे, हे तोवर माझ्या ध्यानात आलेलं नव्हतं. २०१८च्या यूजीसी नियमांनुसार प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यापुढे दंडाच्या पायऱ्या सुरू होतात. माझ्या विद्यार्थ्यांचे अहवाल नेहमी शून्य टक्के येत. इतर मार्गदर्शक नऊ टक्क्यांवर देवाला नारळ फोडत आणि मी 'आमच्याकडे मौलिकतेवर भर असतो' म्हणून बडीशेप चघळत असे. साम्य तपासणारं सॉफ्टवेअर बिचारं त्या अपूर्णांकांची आणि गोलातल्या आरांची जगभरच्या मजकुराशी तुलना करत होतं. तसलं जगात दुसऱ्या कुणी लिहिलेलंच नव्हतं.

हे उलगडलं ते माझ्या एका विद्यार्थिनीमुळे. तिचे आईवडील ऊसतोडीला जात. प्रबंधही ऊसतोड कामगारांच्या बोलीवरच: उचल, मोळी, मुकादम, आणि नवरा-बायको मिळून मोजला जाणारा एक 'कोयता'. हंगामात फडांवर जाऊन, कोप्यांमध्ये मुक्काम करून तिनं शब्द गोळा केले होते. पदवी मिळाली, प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, चढला. मग एकदा मोबाइल पुढे करून तिनं विचारलं, "सर, यात 'कोयता' शोधला तर एकदाही येत नाही. पानापानावर आहे की हो." तिनं तो मोबाइल आईलाही दाखवला होता. आईला वाचता येत नाही; लेकीचं काम जगात कुठूनही सापडतं, एवढंच तिला सांगून ठेवलेलं.

माझ्याकडे उत्तर होतं, फळ्यावर काढून दाखवण्याइतकं. पण त्या दिवशी फळ्याकडे जावंसं वाटलं नाही. आपण प्रोजेक्टरच्या वायरी शिकवतो, पासवर्ड कुणाला सांगू नका म्हणून सांगतो, प्रमाणपत्रं वाटतो. आणि फडावर राबून आणलेली बोली अपूर्णांकांत पुरून त्यावर सही करतो. ती सही माझी होती. राग कुणावर काढायचा, तेही कळेना. डीटीपीवाल्यानं तर पानामागे ठरले तेवढेच पैसे घेतले होते.

भाऊसाहेबांनी कुठूनसा कन्व्हर्टर मिळवला. ते, ती आणि मी दुपारी बसून एकेक प्रकरण युनिकोडमध्ये आणतो. ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जातात, रफार भलतीकडेच बसतात. भाऊसाहेब दुरुस्त्या करतात, ती शब्द सांगते, मी चहा मागवतो. पहिली दोन प्रकरणं झाल्यावर सहज म्हणून साम्य तपासलं, तर अकरा टक्के. ती घाबरली. कन्व्हर्टरमध्ये सगळी अवतरणचिन्हं गळाली होती, त्यामुळे तिनं रीतसर नाव देऊन घेतलेली अवतरणं चोरीच्या खात्यात पडली होती. आणि स्रोतांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर, लाल रंगात, माझा लेख.

इतकं सविस्तर मला आजवर कुणीच उद्धृत केलेलं नाही. भाऊसाहेब अवतरणचिन्हं घालायला सरसावले. मी म्हटलं, "थांबा हो, एवढी काय घाई आहे?"