खात्रीलायक सूत्र कसं व्हावं (फक्त नवशिक्यांसाठी)

एखाद्या नटावर किंवा नटीवर जीव जडलेला असेल, हातात बऱ्यापैकी मोबाइल असेल आणि घरच्यांनी तुमच्याकडून अपेक्षा ठेवणं सोडलं असेल, तर भांडवल पुरेसं आहे. पत्रकारितेची पदविका लागत नाही. असलीच तर लपवा.

खात्याला स्वतःचं नाव देऊ नका. शेजारच्या बंड्याच्या सांगण्यावरून कोण बातमी छापेल? नावात ‘अपडेट’, ‘बझ’ किंवा ‘ट्रेड’ यातलं काहीतरी हवं. नावापुढे निळी खूण घ्या. पूर्वी ट्विटर माणूस तपासून ती देत असे. नोव्हेंबर 2022 मध्ये ती महिना आठ डॉलरला विकायला निघाली. लोक मात्र अजून तिला तहसीलदाराच्या शिक्क्याचा मान देतात. तो मान आपला.

पहिले सहा महिने वाढदिवस आणि दिनविशेष टाका. 3 मे 1913, गिरगावातलं कोरोनेशन, ‘राजा हरिश्चंद्र’. माहिती खरी असल्यामुळे ती कोणी पुढे पाठवणार नाही, पण खात्याला थोडं वजन येईल.

मग आकड्यांकडे वळा. खरी विद्या इथेच आहे, म्हणून जरा सावकाश वाचा. पूर्वी आपण आठवडे मोजायचो. दादा कोंडक्यांचे नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी ठरले ते पंचवीस आठवड्यांच्या हिशेबानं, आणि कितवा आठवडा चालू आहे हे थिएटरावरची पाटी बघून भाजीवालासुद्धा सांगायचा. 2016 मध्ये ‘सैराट’नं शंभर कोटी ओलांडले आणि मराठी चाहत्यालाही कोटीत बोलायची चटक लागली. कोटीची पाटी कुठेच लागत नाही. आपल्या देशात प्रत्येक चित्रपटाची कमाई मोजून जाहीर करणारं सरकारी खातं नाही. निर्माता सांगतो तो एक आकडा, त्याचा प्रतिस्पर्धी कुजबुजतो तो दुसरा. तिसरा तुम्ही सांगायचा.

तो काढायचा कसा? रात्री तिकिटांचं अ‍ॅप उघडा, चार शहरांतल्या खेळांच्या खुर्च्यांचे नकाशे बघा, विकलेल्या खुर्च्या मोजा, सरासरी तिकिटानं गुणा आणि उरलेल्या महाराष्ट्रासाठी अंदाजानं फुगवा. थिएटरनं स्वतःच अडवून ठेवलेल्या खुर्च्याही विकलेल्याच दिसतात, त्याची काळजी करू नका. तालुक्याच्या गावी खिडकीवर रोख विकलेलं तिकीट नकाशात कदाचित नसेलही. दोन चुका एकमेकींना सांभाळून घेतात, अशी या धंद्यातली श्रद्धा आहे.

आता ग्रॉस, नेट आणि शेअर. 236 रुपयांचं तिकीट धरा, ते ग्रॉस. त्यात 18 टक्क्यांनी 36 रुपये जीएसटी. उरले 200, ते नेट. 2009 मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं भांडण मिटलं तेव्हा पहिल्या आठवड्यात वितरकाला निम्मा वाटा आणि पुढे आठवड्यागणिक कमी, असं ठरलं होतं. त्या हिशेबानं शेअर 100. म्हणजे एकच तिकीट, एकच प्रेक्षक, आणि आकडे तीन. आपल्या हिरोचा चित्रपट असेल तर 236 धरा, समोरच्याचा असेल तर 200, आणि त्या हिरोच्या चाहत्यांनी तुमच्या आईचं नाव काढलं असेल तर थेट 100. तिन्ही वेळा तुम्ही खोटं बोललेले नसता.

भाषा जपून वापरा. ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ सुरुवातीला, प्रश्नचिन्ह शेवटी. ‘दुसऱ्या भागात तीच नायिका?’ आणि ‘दुसऱ्या भागात नवी नायिका?’ अशा दोन्ही पोस्ट आठवडाभराच्या अंतरानं टाका. घोषणा झाली की चुकलेली पुसा, बरोबर आलेली वर टाचून ठेवा. संपादक बाबूराव पटेल 1935 साली सुरू झालेल्या ‘फिल्मइंडिया’ मासिकात वाचकांच्या पत्रांना भल्याभल्यांची सालं सोलणारी उत्तरं देत, पण ती छापील होती आणि खाली त्यांचं नाव होतं. बिचाऱ्यांना पुसायची सोय नव्हती.

मोठा कलावंत रुग्णालयात असल्याचं कळलं तर काळी चौकट आधीच तयार ठेवण्याची पद्धत आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये विक्रम गोखले पुण्याच्या रुग्णालयात होते. 23 तारखेच्या रात्री ते गेल्याची बातमी पसरली, नावाजलेल्या लोकांनी श्रद्धांजली वाहिली आणि कुटुंबीयांना सांगावं लागलं की ते आहेत. 26 तारखेला ते गेले. तीनच दिवसांपूर्वी वापरलेली ‘भावपूर्ण’ आता पुन्हा कशी टाकायची, हा पेच तेव्हा अनेक खात्यांना पडला असेल. 2025च्या नोव्हेंबरात धर्मेंद्र यांच्याबाबत तेच घडलं. 11 तारखेला हेमा मालिनी आणि ईशा देओल यांना बातमी खोडावी लागली, ते गेले 24 तारखेला. त्या वेळी नामांकित माध्यमंही मागे नव्हती. या प्रकरणात मी तुम्हाला काहीच शिकवणार नाही. कुणाच्या लेकीला बाप जिवंत असल्याचा खुलासा करायला लावणं मला जमत नाही. यामुळे माझे अनुयायी वाढत नाहीत हेही मान्य.

शेवटचा धडा अनुभवाचा. मागे एका नायिकेच्या हेअरड्रेसरनं वाईच्या ढोल्या गणपतीसमोरचा फोटो टाकला होता. मी लिहिलं, ‘वाईत शूटिंग सुरू?’ बाई सासूबरोबर दर्शनाला गेल्या होत्या, हे मला नंतर कळलं. तोवर एका दैनिकानं ‘समाजमाध्यमांवरील चर्चेनुसार’ म्हणून ते छापलं होतं. मी त्या कात्रणाचा फोटो टाकून वर लिहिलं, ‘आम्ही आधीच सांगितलं होतं.’

दोन दिवसांनी त्याच दैनिकातल्या एका मुलाचा फोन आला. आवाजावरून नुकताच लागलेला.

“सर, वाईच्या शूटिंगचं कन्फर्म करायचं होतं.”

“तुम्हाला कुठून कळलं?”

“आमच्याच अंकात आलं होतं, सर.”

“मग बरोबर असणार.”

“किती दिवसांचं शेड्यूल आहे?”

मी जरा थांबलो. गॅसवर दूध होतं.

“बावीस,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. त्यात 22 दिवस निर्मात्यांच्या निकटवर्तीयांनी सांगितले होते.